छपराखाली कोण राहतं

इरा, नील, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, समोरच्या दारावर ते काळं काय आहे?" तेव्हा परेरा आजोबा माझ्या शेजारीच बसले होते, म्हणून मी विषय बदलला. आता ते इथं नाहीत, म्हणून सांगते; तसं सगळं उघड झालंच आहे.

परेरा आजोबा वसईचे, आमच्या समोरच राहतात. शारजात चिनी नळांचं गोदाम सांभाळतात. एका खोक्यावर हे चिनी अक्षर दिसलं, अर्थ कळला, आणि त्यांनी ते ब्रशनं थेट आपल्या दारावर रंगवलं. मला म्हणाले, "वहिनी, हे चिनी 'घर'. वर छप्पर, खाली गाय. जनावर पाळलं की माणूस एका जागी टिकला. खलास, झालं घर."

मला पटलं. पण लिफ्टमध्ये ते केरळच्या नर्सला कोंबडी सांगत होते, आणि खानसाहेबांना बकरा. मी हटकलं, तर म्हणाले, "जुनं अक्षर आहे वहिनी, ॲडजस्ट करतं."

खानसाहेब पेशावरचे, आमच्याच इमारतीत राहतात, ट्रेलर चालवतात. परेरा आजी गेल्यापासून दर शुक्रवारी ते परेरांकडे जेवतात. परेरांचा आठवडा त्या जेवणाभोवती फिरतो.

गेल्या महिन्यात त्या जेवणाला गोदामाच्या कामासाठी आलेल्या एक चिनी बाई होत्या. खानसाहेबांनी ऐटीत बकऱ्याची गोष्ट सांगितली. बाई हसून म्हणाल्या, बकरा नाही, डुक्कर. पूर्वी आमच्याकडे घरोघरी डुकरं असत.

खानसाहेब लवकर उठले. पुढच्या शुक्रवारी आलेच नाहीत.

परेरा दारावरचं अक्षर सुरीनं खरवडायला लागले. मी सुरी काढून घेतली. ते म्हणाले, "आईनं परसात डुकरं पाळलेली, वहिनी. हे अक्षर बघितलं आणि आमचं घर आठवलं. पण खान आता माझ्या भांड्यांवर संशय घेणार. तो इथं जेवतो म्हणून बायको गेल्यापासून या घरात डुक्कर शिजवलं नाही मी. हे त्याला कसं सांगू?"

ते मीच सांगितलं, लिफ्टमध्ये, माझ्या मोडक्या हिंदीत. खानसाहेब आपल्या मजल्यावर उतरून गेले.

शुक्रवारी मात्र त्यांनी बेल वाजवली. सरळ स्वयंपाकघरात गेले, पातेल्याचं झाकण उचललं आणि स्वतःच वाढून घेतलं. "परेरा साहब, छत के नीचे कौन है, वो चीनवाले जानें. आप बस झूठ मत बोला करो. खाना ठंडा हो रहा है."

परेरांनी नाक पुसलं आणि मिरचीवर ढकललं.

अक्षराचा एक कोपरा खरवडला गेलाय. शुक्रवारचं जेवण अजून चालू आहे.