टिटवी हरली तो दिवस

एका जंगलात, मुलांनो, न्याय फार होता. पाणी कमी होतं, सावली बेताची होती, पण न्याय म्हणाल तर भरपूर. आता मध्ये मध्ये बोलायचं नाही. कोण रे तो शेंगा फोडतोय? खाऊन घे आधी. हं.

तर त्या जंगलात एक टेकाड होतं आणि टेकाडावर सर्वोच्च न्यायालय भरायचं. त्याच्यावर दुसरं न्यायालय नव्हतं. त्याच्यावर फक्त घारी उडायच्या.

न्यायमूर्ती दोन. एक धीमंतराव कासव. हे निकाल लिहीत आणि वाचत. दुसरे घुबड. हे दिवसा झोपत. त्यामुळे त्या न्यायालयाचे सगळे निकाल एकमतानं लागत.

निकाल वाचायची तिथली रीत ऐकून ठेवा, कारण पुढं ती लागणार आहे. धीमंतराव पळसाच्या पानांवर निकाल लिहायचे. एका निकालाला पानांचा भारा लागायचा. तो भारा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचायचा. थोडक्यात सांगायचं नाही. आणि यादीत ज्याचं ज्याचं नाव असेल, त्यानं आपला निकाल संपेपर्यंत दगडांच्या रिंगणात उभं राहायचं. रिंगणाबाहेर पाऊल टाकलं की दावा गेला. खाण्यापिण्याचे हाल नव्हते हो. रिंगणात गवत होतं, मधून झरा वाहत होता. पण बाहेर म्हणून जायचं नाही.

आता टिटवीकडे येऊ. तिचं नाव सगुणा. तिनं जमिनीवर चार अंडी घातली होती. टिटव्या जमिनीवरच घालतात, खड्यांमध्ये. आपली अंडी खड्यांसारखीच दिसतात, कुणाला कळायचं नाही, असा तिचा हिशोब. हिशोब बरोबर होता. जागा तेवढी चुकली. अंडी नेमकी गव्यांच्या वाटेवर होती.

नऊ दिवस झाले होते. अजून एकोणीस दिवसांनी पिल्लं निघायची होती. आणि वरच्या पठारावरून बातमी आली, की तिथलं डबकं आटलं, बेचाळीस गवे खालच्या तळ्याकडे निघालेत, परवा पोचतील.

सगुणाच्या तोंडचं पाणी पळालं. तिचा नवरा भिकाजी अंड्यांवर बसला होता. तो म्हणाला, "अगं, आपण ओरडू."

"बेचाळीस गव्यांवर?"

"मग दुसरीकडे हलवू."

"कशानं? चोचीत धरून? जरा विचार करून बोलत जा हो!"

ती तशीच उडाली आणि गव्यांचा म्होरक्या रंगराव याला वाटेत गाठलं. रंगराव म्हणजे दांडगा गडी, पण बोलायला मऊ.

"दादा, एवढे एकोणीस दिवस त्या बाजूनं जाता का? पलीकडून तळं तेवढंच लांब आहे."

रंगराव थांबला नाही. चालता चालताच म्हणाला, "सगुणाबाई, ही आमच्या पणज्यापासूनची वाट आहे. मी काही अंडी तुडवत नाही. मी वाटेनं चालतो. वाटेवर काय आहे ते वाटेनं बघायचं."

झालं. सगुणा रडत रडत टेकाडावर आली. तिथं धनेश वकील होते. चोच मोठी, आवाज त्याहून मोठा. त्यांनी अर्ज लिहायला घेतला आणि त्यात बेचाळीसच्या बेचाळीस गव्यांची नावं घातली, बापाच्या नावासकट.

"अहो, एवढी नावं कशाला? एका रंगरावाचं पुरे की!"

"बाई, कायदा तुम्हाला कळतो का मला?"

दारात कारकून म्हणून साळिंदर बसायचं. सगुणानं अर्ज पुढं केला. "तातडीचं आहे हो!"

"तातडीचं? मग यादीत शेवटी."

"शेवटी?"

"तातडीची सगळी शेवटीच असतात बाई. आधी बिनतातडीची घेतली की न्यायमूर्तींचं मन शांत होतं."

बेलिफ ससा नोटीस घेऊन पळाला. तिसऱ्या दिवशी सकाळी बेचाळीस गवे तळ्याकडे न जाता रिंगणात येऊन उभे राहिले. त्यांचे वकील कावळे. ते रंगरावाच्या कानात म्हणाले, "हलायचं नाही. हललात की हरलात." रंगराव मुकाट्यानं गवत खायला लागला.

सगुणाही रिंगणात. अंड्यांवर भिकाजी. त्याचं नाव अर्जात नव्हतं, कारण कोर्टाचं नाव काढलं की त्याच्या पोटात कळ यायची. तो रोज सकाळ-संध्याकाळ खालून ओरडायचा, "आहेत! चारही आहेत!" ते ऐकलं की सगुणाच्या जिवात जीव यायचा. पिल्लं निघायला आता सतरा दिवस होते. बोटांवर मोजा. मी विचारणार आहे.

धीमंतरावांनी पहिला भारा सोडला. प्रकरण पाण्याचं. हरणं विरुद्ध मगर. तळं कुणाचं?

"तळं सर्वांचं आहे," धीमंतरावांनी वाचलं. हरणांनी उड्या मारल्या. मोरांनी पिसारे फुलवले. "ऐतिहासिक निकाल!" पोपट जंगलभर ओरडत सुटला. धीमंतराव आपले वाचतच होते. तिसऱ्या दिवशी शेवटचं पान आलं. "तथापि मगरीचं तोंड ही मगरीची खासगी जागा असून, तिथं येणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर यावं." तोवर ऐकायला एकही हरीण शुद्धीत नव्हतं. सगळी नाचून दमली होती.

दुसरं प्रकरण घरगुती. कोकिळा विरुद्ध कावळी. पिल्लू कुणाचं? याला चार दिवस लागले. पिल्लू कोकिळेचं ठरलं. पण त्याला भरवायची जबाबदारी कावळीची, कारण तिला आता सवय झाली आहे. कावळे वकील "वा, वा!" म्हणाले. मग त्यांना आपलं घरटं आठवलं. त्यातलं एक पोर जरा जास्तच गोड ओरडतं, हेही आठवलं.

तिसरं कोल्हेकुईचं. कोल्ह्याला ओरडायचा हक्क आहे का? आहे, पूर्ण आहे. फक्त कुणाला ऐकू जाता कामा नये. दोन दिवस. कोल्ह्यानं तोंड उघडून न्यायालयाचे आभार मानले. काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.

चौथं माकडांचं. दहा माकडं आंब्यावरून निवडून आली आणि उडी मारून जांभळीवर जाऊन बसली. आता ती कोणत्या झाडाची? धीमंतरावांनी या प्रश्नाचा तीन दिवस कीस काढला. उडी मारताना माकड हवेत असतं, म्हणजे त्या वेळी ते कोणत्याच झाडाचं नसतं. तेव्हा ते कुणाचं, हे झाडाच्या मुखियानं ठरवावं. मुखिया कोण? त्या दहांपैकी सगळ्यात पुढं उडी मारलेलं माकड.

अरे, हसताय काय? निकाल आहे तो. निकालाला हसत नाहीत.

झाले किती दिवस? तीन, चार, दोन आणि तीन. बारा. सतरातले बारा गेले. सगुणाचा जीव टांगणीला लागला होता. तिला एकच हळहळ. तिला वाटायचं, आपला निकाल आधी लागला असता, गवे पलीकडून गेले असते, आपण अंड्यांवर बसलो असतो. हे कासव मेलं मुद्दाम करतंय!

तेराव्या दिवशी तिचा भारा सुटला.

"टिटवी म्हणजे काय?" धीमंतरावांनी सुरुवात केली.

"महाराज!" सगुणा किंचाळली. "शेवटचं वाक्य आधी वाचा ना!"

धीमंतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, शेवटचं वाक्य शेवटीच असतं. म्हणून तर त्याला शेवटचं म्हणतात."

पहिला दिवस टिटवीच्या व्याख्येत गेला. दुसरा दिवस वाट म्हणजे काय यात गेला. आणि वाटेचं वर्णन ऐकता ऐकता सगुणाच्या छातीत धस्स झालं. "वाट ही चालणाऱ्यांची असते," धीमंतराव वाचत होते. "बसणाऱ्यांची नव्हे. अंडी बसतात. अंडी चालत नाहीत." कावळे वकिलांनी पंख झटकले. रंगरावाच्या कानाशी लागून म्हणाले, "जिंकलो!" धनेश वकिलांनी चोच खाली घातली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच पानं उरली. सगुणाला दिसत होतं, आता हा माणूस, म्हणजे कासव, शेवटचं वाक्य वाचणार. बेचाळीस गवे टेकाड उतरणार. आणि पिल्लं निघायला अजून दोन दिवस आहेत.

खालून आवाज आला, "आहेत! चारही आहेत!"

आणि मुलांनो, त्या क्षणी सगुणाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! पंधरा दिवस गवे इथं उभे आहेत. पंधरा दिवस अंडी शाबूत आहेत. आपण ज्याच्या नावानं बोटं मोडत होतो, त्या कासवानंच आपली अंडी राखली!

ती दोन पावलं पुढं आली. रिंगणाच्या आतच, बरं का. मान लववली आणि म्हणाली, "महाराज, एक विनंती आहे. काय सुंदर लिहिलंय हो! ते वाटेचं वर्णन तर मनात घोळतंय नुसतं. मी अडाणी बाई, सुरुवातीचं नीट कळलं नाही. पुन्हा एकदा वाचाल का? पहिल्यापासून?"

साळिंदराचे काटे उभे राहिले.

धीमंतराव एकशे चाळीस वर्षांचे होते. ऐंशी वर्षं ते निकाल वाचत होते. लोक पहिलं वाक्य ऐकून नाचायला जात. शेवटचं वाक्य ऐकून भांडायला जात. मधलं सगळं आजवर कुणीच ऐकलं नव्हतं. दुसरे न्यायमूर्ती तर शेजारीच घोरत.

त्यांचे डोळे भरून आले. "पुन्हा?" ते म्हणाले. "खरंच आवडलं?"

"आवडलं म्हणजे काय महाराज! तळटिपासुद्धा सोडू नका."

"हरकत आहे!" कावळे वकील ओरडले.

"फेटाळली," धीमंतराव म्हणाले. इतक्या पटकन त्यांनी आयुष्यात काही केलं नव्हतं. भारा सारखा केला, घसा साफ केला आणि पहिलं पान उचललं. "टिटवी म्हणजे काय?"

या वेळी ते आणखी रंगात आले. आवाजात चढउतार घातले. वाटेच्या वर्णनाला तर दोनदा थांबून पाणी प्यायले. सगुणा मान डोलवत होती. "अहाहा," म्हणत होती. रंगराव तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, निकाल तुमच्या विरुद्ध आहे ना?"

"हो दादा. पण भाषा बघा की!"

दोन दिवसांनी संध्याकाळी खालून भिकाजीचा आवाज आला. नेहमीसारखा नव्हता. घसा फाटेस्तोवर ओरडत होता. "निघाली गं! चारही निघाली! पळायला पण लागली!"

टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की घटकाभरात पळू लागतात. सगुणा रिंगणातच नाचली. एक पाय बाहेर पडणार होता, धनेश वकिलांनी पंखाला धरून आत ओढलं.

तिसऱ्या दिवशी शेवटचं पान आलं. धीमंतरावांनी जड आवाजात वाचलं, "सबब, टिटवीचा अर्ज फेटाळण्यात येत आहे. गव्यांना वाट मोकळी."

"वा!" सगुणा ओरडली. "वा महाराज!"

बेचाळीस गवे टेकाड उतरले. पणज्याच्या वाटेनं गेले. वाटेवर अंड्यांची चार टरफलं होती, त्यांच्या पायाखाली कुरकुरली, बस्स. चार पिल्लं पलीकडच्या करवंदीच्या जाळीतून त्यांची मोठमोठी पोटं बघत होती. रंगरावाला ती दिसली. त्यालाही बरं वाटलं. तसा मनानं तो वाईट नव्हता.

त्या दिवशी हरलेल्या टिटवीनं सगळ्या जंगलात जांभळं वाटली. जिंकलेल्या गव्यांना पण दिली. धीमंतरावांनी ते पाहिलं आणि घुबडाला हलवून उठवलं. "बघा, बघा! हरलेला पक्ष जांभळं वाटतोय! निकाल सविस्तर असला की हरणाऱ्यालाही पटतो." तेव्हापासून त्या न्यायालयाचे निकाल दुप्पट लांब झाले. घुबडानं सहमती दर्शवली आणि पुन्हा डोळे मिटले.

तात्पर्य: आपण जिंकणार असू, तर न्याय ताबडतोब मिळालाच पाहिजे म्हणून आरडाओरडा करावा. आणि हरणार असू, तर हात जोडून म्हणावं, "काय सुंदर लिहिलंय महाराज, पुन्हा एकदा वाचा ना."