निंबाअप्पांचा झोका

आमच्या गोडादऱ्याच्या सोसायटीत कुणाच्याही घरी गेले की निंबाअप्पा आधी खुर्ची हलवून बघतात, मग बसतात. "हालस का?" हाच त्यांचा नमस्कार. खुर्ची हलते का, एवढंच विचारायचं असतं. दाराची कडी, टाकीचा स्टँड, माझ्या नवऱ्याची स्कूटर, काही म्हणून सोडत नाहीत. एकदा तर माझ्या सासूबाईंच्या वॉकरलाच हिसका दिला, सासूबाई तो धरून उभ्या असताना!

अप्पा अमळनेरकडचे. तीस वर्षं लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मी जालन्याची, त्यांची अहिराणी मला निम्मी कळते, निम्मी अंदाजानं. पण त्यांच्या बायकोचं, सिंधूमावशींचं, अक्षर न् अक्षर कळायचं. काय तोंड होतं बाईचं! अप्पांनी आणलेली भेंडी जून, ठोकलेला खिळा तिरपा, भरलेलं पाणी कमी. सकाळी सहाला जो पट्टा सुरू व्हायचा तो भिंतीपलीकडून मला पाठ झाला होता. देवा, या बाईला जरा गप्प कर, असं मी कितीदा तरी म्हटलं असेल.

दिवाळीनंतर मावशींना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. हळूहळू धरून चालायला लागल्या, पण तोंड बंदच. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा, शब्द येतील. अप्पा दिवसभर बोलायचे आणि मावशी भिंतीकडे बघत बसायच्या. मी जे म्हणत होते त्याची मला आजही लाज वाटते.

होळी झाली तसे अप्पा म्हणाले, "पोरी, अखाजीले तिले झोका पाहिजे."

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या सणाला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. मावशी दरसाल जायच्या. यंदा प्रवास झेपणार नव्हता, आणि आमच्या गल्लीत झाड म्हणाल तर कुंडीतली तुळस. झोक्यावर बसली की ती बोलेल, हे अप्पांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

"मग द्या की एखाद्या वेल्डिंगवाल्याला करायला," मी म्हटलं.

"दुसरानं जोडेलवर तिले बसाडू का?" अप्पा माझ्यावरच तडकले.

मला सोबत घेऊन ते बाजारात गेले. दुकानदारानं वेल्डिंगचं चांगलं मशीन दाखवलं. अप्पांनी सगळ्यात स्वस्त, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडं मोठं मशीन उचललं, कानाशी हलवलं, आत काही वाजत नाही म्हणून खूश झाले. "काका, घर माटे चालशे," घरापुरतं चालेल, असं दुकानदार गुजरातीत म्हणाला, "पण काच लई जाव, आंख बगडशे." अप्पांनी ती डोळ्यांपुढे धरायची काळी काच घेतली नाही. म्हणे, डोळे मिटून घेईन.

पहिल्या ठिणगीला आमच्या दोन्ही घरांची लाईट गेली, तीही ऐन मालिकेच्या वेळी. दुसऱ्या दिवशी अप्पांचे डोळे असे सुजले की मीच हात धरून दवाखान्यात नेलं आणि येताना रागावून काच घ्यायला लावली. मग पातळ पाइपाला भोकं पडली, ती बुजवताना शेजारी नवी पडली. आणि प्रत्येक जोडावर लिंबाएवढी गाठ! मागावर तुटलेल्या धाग्याला गाठ मारण्यात जन्म गेलेला माणूस तो. "अप्पा, जोड असा दिसू नये," मी म्हटलं. "दिसालेच पाहिजे," ते म्हणाले.

अखाजीला झोका ओट्यावर उभा राहिला. आधी गव्हाचं पोतं बसलं, मग मी, मग सासूबाई. सांगाडा तसूभर हलला नाही. मग अप्पांनी मावशींना धरून आणलं, बसवलं आणि हळूच झोका दिला. समोरच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. मावशींनी डाव्या हातानं साखळी धरली. वर बघितलं, एकेक गाठ बघितली. ओठ थरथरले. आता गाणं येणार, असं मला वाटलं.

"वा... वाकडा."

आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो.

"वाकडा शे!" मावशी पुन्हा म्हणाल्या, आणि या वेळी चक्क चिडून.

होताच वाकडा. वरचा पाइप एका बाजूला दोन बोटं खाली होता. अप्पा मटकन खालीच बसले आणि ढसाढसा रडायला लागले. "आयकं का पोरी? बोलनी! ती बोलनी!" मीही रडले, सासूबाईही रडल्या. मावशी मात्र त्या पाइपाकडेच बघत होत्या.

चार दिवसांनी मी म्हटलं, "अप्पा, आता हात बसलाय तुमचा. तेवढा पाइप काढून सरळ जोडा ना."

अप्पा नुसतेच हसले. ते मशीन त्यांनी पुसून, गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवून दिलंय. रोज संध्याकाळी मावशींना झोक्यावर बसवतात, समोर पाटावर बसतात आणि विचारतात, "सिंधू, कसा शे झोका?" आणि उत्तर येईपर्यंत कितीही वेळ लागो, तिथून उठत नाहीत.