वरचे गरम, खालचे गार

खालच्या मजल्यावरची ऊब गेली आहे, हे पद्माकररावांना मंगळवारी सकाळी कळलं, आणि तेही दह्यामुळे. त्यांची बायको ऊर्मिला थंडीत ठेवायची तसं विरजण लावलेलं पातेलं त्यांनी बैठकीतल्या रेडिएटरवर ठेवलं होतं. सकाळी झाकण काढलं तर आत दूध. जसं ठेवलं होतं तसं.

त्यांनी रेडिएटरला हात लावला. गार. नॉब तीनवर होता तो पाचवर नेला, अर्धा तास वाट पाहिली, पुन्हा हात लावला. गारच. मग बंद असलेली शिवणाची खोली सोडून खालचे बाकीचे चाचपून आले. तेही गार. वर गेले, तर वरचे चारही छान तापलेले. ऑक्टोबर संपत आला होता, आणि हीटिंग त्यांनी आदल्याच दिवशी चालू केलं होतं.

दुसऱ्या कुणाकडे हा नुसता बिघाड ठरला असता. पद्माकररावांच्या घरी ती परीक्षा होती. ऊर्मिला मे महिन्यात गेली, तेव्हापासून म्युनिकची मुलगी तनया एकच धोशा लावून होती. रेगेन्सबर्गचं घर विका, आमच्या इमारतीत एका खोलीचा फ्लॅट रिकामा होतोय, तिथे या. वाद घालून घालून शेवटी तह झाला. "हा हिवाळा मी एकटा काढतो," पद्माकरराव म्हणाले होते, "घरातली एक जरी वस्तू बिघडली आणि मला जमली नाही, तर मुकाट्याने येतो." हे कुणी त्यांच्याकडून वदवून घेतलं नव्हतं. ते आपले आपणच बोलून बसले होते. आता हिवाळा धड सुरूही झाला नव्हता, आणि तनया नवऱ्याला घेऊन रविवारी जेवायला येणार होती.

पद्माकररावांची अठ्ठावीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात गेली होती, इंजीन थंड ठेवणाऱ्या विभागात. थंड कसं करायचं याचं सगळं शिक्षण त्यांच्याकडे होतं. घर गरम ठेवायचं काम ऊर्मिला बघायची.

त्यांनी देवदत्तांना फोन लावला. देवदत्त त्याच कारखान्यात ब्रेकच्या विभागात होते. एकाने गाड्या थंड ठेवल्या, दुसऱ्याने थांबवल्या, आणि दोघे एकाच वर्षी निवृत्त झाले.

"हवा धरलीय," देवदत्त म्हणाले.

"न बघताच?"

"अरे, पाण्याच्या लाइनीत दुसरं काय होणार? हवा काढायची. एक छोटी चौकोनी किल्ली असते, बघ घरात असेल."

"थांब, ऊर्मिलाला विचा—" पद्माकरराव थांबले. "शोधतो," ते म्हणाले.

किल्ली स्वयंपाकघरात, उलथन्यांच्या खणात सापडली. बुधवारी सकाळी देवदत्त आले ते पांढरा स्वेटर घालून. त्यांनी बैठकीतल्या रेडिएटरच्या टोकाला किल्ली लावून फिरवली आणि कान जवळ नेला.

"आता फुस्स आवाज येईल बघ," ते म्हणाले.

आवाज आला नाही. काळं पाणी आलं, आणि ते थेट स्वेटरवर आलं.

"हवा कुठाय?" पद्माकररावांनी विचारलं.

"पुढच्यात असेल."

पुढच्यातही पाणी होतं. त्याच्या पुढच्यातही. खाली कुठेच हवा नाही म्हणजे ती वर गेली असणार, असं अनुमान देवदत्तांनी काढलं, आणि दोघे बादली घेऊन वर गेले. वरच्या चारही रेडिएटरमधून त्यांनी मन लावून पाणी काढलं. अर्धी बादली भरली. तेवढ्यात तळघरातून खट्ट असा आवाज आला आणि सगळं घर शांत झालं.

ते खाली धावले. बॉयलर बंद पडला होता. त्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता आणि पाण्याच्या दाबाचा काटा शून्याला टेकला होता.

"पाणी कमी झालं," पद्माकरराव म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर. आपणच काढलं ना." देवदत्तांनी वरच्या मजल्याकडे बघितलं. "एक मात्र झालं. आता दोन्ही मजले सारखे झाले."

गुरुवारी सकाळी पाणी भरायचं ठरलं. बागेचा पाइप तळघरातल्या नळाला जोडायचा, दुसरं टोक बॉयलरला, आणि काटा दोनच्या अलीकडे आला की नळ बंद. काम सोपं होतं. पद्माकरराव नळापाशी उभे राहिले, देवदत्त काट्यापाशी. देवदत्तांचा चष्मा वर राहिला होता, हे त्यांनी सांगितलं नाही.

"किती झालं?"

"दीड असेल."

"असेल म्हणजे?"

"दीडच आहे. सोड अजून."

त्याच वेळी तनयाचा व्हिडिओ कॉल आला. तो घेतला नाही तर ती दर दोन मिनिटांनी करत राहते, म्हणून पद्माकररावांनी एका हाताने नळ धरून दुसऱ्या हाताने फोन घेतला. काटा तीनच्या पुढे गेला, बॉयलरचा सुरक्षेचा व्हॉल्व्ह उघडला आणि पाण्याची धार तांदळाच्या पिंपावर पडू लागली.

"बाबा, मागे कसला आवाज येतोय?"

"देवदत्त आंघोळ करतोय."

"देवदत्तकाका? तुमच्याकडे? सकाळी अकरा वाजता?"

"हो. त्याच्याकडचं हीटिंग बिघडलंय. गरम पाणी नाही बिचाऱ्याला."

"बंद कर, बंद कर नळ!" मागून देवदत्त ओरडले.

"पाणी फार गरम आहे त्याला," पद्माकरराव म्हणाले आणि फोन ठेवला.

थाप बरी जमली असं त्यांना वाटलं. पण तनया ऊर्मिलाची मुलगी होती. कुणाची अडचण कानावर आली की ऊर्मिला हातातलं काम टाकून फोन करायची, आणि तनयाही तेच करते. तिने लगेच देवदत्तांच्या बायकोला, सुनेत्रावहिनींना फोन लावला. काकू, थंडीत कसं करताय, आमच्याकडचा जुना इलेक्ट्रिक हीटर पाठवू का, असं आपुलकीने विचारलं. सुनेत्रावहिनी तेव्हा कढत पाण्याने डोकं धुऊन रेडिएटरजवळ केस वाळवत बसल्या होत्या.

पंधरा मिनिटांत त्या पद्माकररावांच्या दारात हजर झाल्या.

"अहो भाऊजी, आमचं हीटिंग बिघडलंय हे मला तुमच्या तनयाकडून कळावं?"

"वहिनी, तसं नाही..."

"आणि हे तुमच्याकडे येऊन आंघोळ करतात म्हणे! घरी दहादा हाका मारल्या तरी जात नाहीत!"

देवदत्त तळघरातून वर आले. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. सुनेत्रावहिनींनी त्यांच्याकडे बघितलं, मग स्वेटरकडे.

"अहो, हा काल धुतलेला होता ना?"

"आज पुन्हा धुतला गेला," देवदत्त म्हणाले.

मग सगळं सांगावं लागलं. वहिनी कोट न काढता बसून ऐकत होत्या, कारण घरात कोट काढण्यासारखं काही राहिलं नव्हतं. व्हॉल्व्ह एकदा उघडला तो पुरता मिटला नव्हता. पाणी ठिबकत होतं, दाब पुन्हा उतरला होता आणि बॉयलर पुन्हा बंद पडला होता.

"दोन इंजिनीअर," वहिनी म्हणाल्या. "माणूस बोलवा की एखादा."

माणूस बोलावला. पहिल्या कंपनीने जानेवारीचा दुसरा आठवडा दिला. दुसरीकडे फोनवर गाणं लागलं आणि गाणं संपल्यावर फोन कटला. राहिली तातडीची सेवा, नोटडीन्स्ट. तिथल्या बाईंनी आधी विचारलं, "सगळं घर थंड आहे का? अर्धं असेल तर ते तातडीचं धरत नाही."

"काल अर्धं होतं," पद्माकरराव म्हणाले. "आज सगळं आहे."

"मग येईल माणूस. फक्त यायचे दोनशे साठ युरो. काम वेगळं."

शुक्रवारी दुपारी हेर विमर, म्हणजे विमरसाहेब, आले. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी तळघरात जाऊन व्हॉल्व्हची टोपी जराशी फिरवली, ठिबकणं थांबलं. पाणी भरलं, बॉयलर सुरू केला. मग बैठकीत येऊन रेडिएटरचा नॉब काढून हातात घेतला. आत खिळ्यासारखी एक बारीक पिन होती.

"ही आत-बाहेर व्हायला हवी. रुतून बसलीय," ते म्हणाले. पकडीने त्यांनी ती हळूच धरली, इकडेतिकडे हलवली, पकडीच्या मुठीने बाजूला दोनदा टकटक केलं. पिन टपकन बाहेर आली आणि पाणी आत धावल्याचा आवाज आला.

"एवढंच?"

"एवढंच. उन्हाळाभर नॉब बंद ठेवले की असं होतं. उन्हाळ्यात ते पाचवर ठेवायचे, सगळे, म्हणजे पिनवर दाब राहत नाही. तुमच्याकडे हे कोण करायचं?"

"माझी बायको."

"आणि वरचे चालू आहेत?"

"हो."

"मग वरचे तिने केलेत," हेर विमर म्हणाले. "खालचे का नाही केले?"

पद्माकररावांच्या ते आत्ता लक्षात आलं. सोमवारी हीटिंग चालू करताना वरचे चारही नॉब त्यांना पाचवर सापडले होते, आणि ही बंद करायला विसरली वाटतं, असं म्हणत त्यांनीच ते तीनवर आणले होते. मे महिन्यातल्या त्या शनिवारी ती वर कसलं तरी काम करत होती. त्यांनीच खालून चहासाठी हाक मारली. ती आली, बसली. उरलेलं नंतर कर, असं तेच म्हणाले. सोमवारी ती गेली.

"वेळ झाला नाही तिला," ते म्हणाले.

हेर विमर यांनी मान हलवली आणि पुढच्या रेडिएटरकडे वळले.

"बाकीचे मी करतो," पद्माकरराव म्हणाले.

"पैसे तेवढेच पडतील."

"पडू देत. तरी मी करतो."

शनिवारी त्यांनी तीन पिना सोडवल्या. पहिलीला चाळीस मिनिटं लागली, शेवटचीला चार. पाचवा रेडिएटर शिवणाच्या खोलीत होता. त्या खोलीचं दार मे महिन्यापासून बंद होतं. पद्माकररावांनी दाराची मूठ धरली, मग पकड खणात ठेवून दिली.

रविवारी तनया आणि मयुरेश आले. तनयाने चपला काढायच्या आधी रेडिएटरवर हात ठेवला.

"गरम आहे."

"असणारच," पद्माकरराव म्हणाले.

"बाबा, सुनेत्राकाकूंनी मला सगळं सांगितलंय."

पद्माकररावांनी खुर्ची ओढली. थापा मारायचा त्यांना कंटाळा आला होता. "बरं झालं. ठरलं होतं तसं सांगतो. पहिलाच बिघाड, आणि मला जमला नाही. माणूस बोलवावा लागला. त्याने एक केला, मग मी तीन केले. आता तू म्हणशील तसं."

तनयाने मयुरेशकडे बघितलं. मयुरेश स्वतःच्या मोज्यांकडे बघत होता.

"बाबा," तनया म्हणाली, "आमची बेडरूम तीन आठवडे थंड आहे."

"काय सांगतेस?"

"मी मॅनेजमेंटला अठरा ई-मेल लिहिले," मयुरेश म्हणाला.

"उत्तर?"

"आलं ना. 'तुमचा मेल मिळाला.' अठरा वेळा."

"आणि त्याच इमारतीत तू मला आणणार होतीस?"

"तुमचा फ्लॅट दुसऱ्या बाजूला आहे, बाबा. तो गरम आहे," तनया म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ती पिन... तुम्ही येऊन बघाल का? बुधवारी? पकड आणा."

पद्माकरराव ताठ बसले. "येईन की. किती दिवस राहू?"

"राहायचं कशाला? सकाळच्या गाडीने या, संध्याकाळी परत. मी रिटर्न तिकीट काढते."

म्युनिकला न जाण्यासाठी पद्माकररावांनी पाच महिन्यांत भरपूर कारणं जमवली होती. त्याच संध्याकाळी परत न येण्यासाठी त्यांच्याकडे एकही नव्हतं.

"एकच दिवस?" ते म्हणाले. "पिन एका दिवसात सुटेल असं काही सांगता येत नाही. त्या हेर विमरला विचार."

जेवणं झाली. फ्लॅटचा विषय कुणी काढला नाही. निघताना तनया शिवणाच्या खोलीच्या दाराशी थांबली, दाराखालून गार वारा पायाला लागला असावा. गाडी गेल्यावर पद्माकररावांनी खालचे नॉब एकेक तपासले. बैठक, स्वयंपाकघर, न्हाणीघर, पुढची खोली. चार गरम आहेत. पाचवा अजून करायचा आहे.