आबांच्या आवाजातली चिरचिर

"पाच मिनिटांचं काम आहे!" रोहिणीनं आईला ठणकावून सांगितलं. शाळेतलं अख्खं स्नेहसंमेलन ती माइकवर सांभाळायची. नेकनूरच्या माळावर उभ्या जीपचा स्पीकर तो काय!

जीप आबांची, तिच्या वडिलांची. गुडघे गेल्यावर आबा जीपमधूनच मेंढ्या राखायचे! स्वतःची हाक त्यांनी पेनड्राइव्हवर भरून घेतली होती. ती वाजली की मेंढ्या धावत यायच्या आणि आबा मूठमूठ मका टाकायचे. आबांना जाऊन तीन महिने झाले. उरला तो एवढा आवाज. पण तोही असा, की कुणी पत्र्यावर विळा घासतंय! खरा आवाज धान्याच्या कणगीत तोंड घालून बोलल्यासारखा होता. रोहिणीला तो एकदाच, तसाच ऐकायचा होता.

काचा लावून ती बसली. ट्रेबल उतरवला, आबा जरा कमी चिरकले. बेस चढवला, आबा रेड्यासारखे हंबरले! बेस खाली आणला. शेवटी आबांच्याच फाटक्या घोंगडीचे दोन तुकडे पुढच्या बारक्या स्पीकरांवर चिकटवले.

"हुर्रर्र, या गं बायांनो, या..."

तेच! अगदी तेच! तिनं काच खाली केली, आवाज वाढवला, डोळे मिटले. खांद्यावर उबदार श्वास आला.

"आबा?"

"बॅऽऽ!"

खिडकीतून मेंढीचं तोंड आत! एका बाजूला लोकर, दुसरी बाजू तुळतुळीत. मागे आणखी साठ. एक तर बॉनेटवर! त्यांच्यामागं कातर घेऊन धावणारा चुलतभाऊ बंकट.

"रोहे, काहून लावलंस ते? अर्ध्या कातरून झाल्यात! माज्या हाकेला तीन महिन्यांत एकीनं वळून बघितलं न्हाई!"

आई, भिवराबाई, मक्याची पाटी घेऊन आली. "बोलावलंस ना? आता घाल. तेंनी कधी रिकाम्या हातानं बोलावलं न्हाई."

मका संपला. मेंढ्या हलेनात.

"आता जीप कातरायच्या जागेकडं घे अन् हाक परत लाव," बंकट म्हणाला. "त्याबिगर न्हाई यायच्या."

पुढं जीप, मागं अर्धटक्कल वरात! दिवस मावळेपर्यंत हाक अकरा वेळा वाजली. अकराही वेळा रोहिणीनं कान टवकारले, आणि मेंढ्यांच्या त्या बॅऽऽ-बॅऽऽमध्ये तिला एक अक्षर ऐकू आलं नाही.

"झाला का गं आवाज नीट?" आईनं विचारलं.

"झाला असावा," रोहिणी म्हणाली. "मेंढ्यांची तरी काही तक्रार नाही."