हणमा जॉकी आणि माझा काटा

सकाळी उठून कोण देवळात जातं, कोण तालमीत जातं. हणमा जॉकी माझ्या वखारीत यायचा आणि लाकडं तोलायच्या काट्यावर चढायचा. अंगात एक चड्डी, बाकी देवानं दिलेलं. पायताण बाजूला काढायचा, गळ्यातला ताईत माझ्या हातात द्यायचा, फूऽऽ करून पोटातला सगळा वारा बाहेर सोडायचा आणि समोरच्या भिंतीवरल्या मारुतीच्या फोटोकडं बघत ताठ उभा राहायचा. आकडा स्वतः बघायचा नाही. दांडीवरचं वजन मी सरकवायचं आणि मीच सांगायचं.

"एक्कावन्नाला पाव कमी."

"व्हय. राती दोन घोट पाणी पिलोतो."

म्हणजे गड्याला आधीच ठाऊक. एकदा मी तापून विचारलं, "तुला सगळं कळतंय तर माझ्या काट्यावर कशाला मरायला चढतोस?"

"आपलं आपल्याला कळतंय अण्णा, पर कुणीतरी सांगाय लागतंय की."

तेवढ्यात बंबाला लाकडं न्यायला एखादी बाई आली, तर ती तोंडाला पदर लावून दारातच थांबायची. "अण्णा, ते आधी उतरवा. मग माझं तोला."

हणमाचा बाप शिवाजी पेठेतला नावाजलेला पैलवान. पोरगं झालं तेव्हा मारुतीला नारळ फोडून नाव ठेवलं हणमंत. म्हशीचं दूध पाजलं, बदाम चारले, तूप चोळलं. पोरगं वाढलं ते फक्त वयानं. आमच्या पेठेत माणसाची किंमत मांडीवरनं ठरते. ह्याची मांडी म्हणजे दुसऱ्याचं मनगट. शेवटी बापानं कंटाळून त्याला पुण्याच्या एका तबेल्यात धाडलं. तिथला साहेब ह्याला बघून खूष! ज्या अंगाला पेठेत कुत्रं विचारत नव्हतं, त्याच अंगाचा तिथं पगार मिळू लागला.

जॉकीचा धंदा ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. मालक घोडं विकत घेतो, ट्रेनर ते तयार करतो, पब्लिक त्याच्यावर पैसे लावतं आणि जॉकी उपाशी राहतो. घोडं जिंकलं तर मालकाचं. हरलं तर जॉकीनं हरवलं.

रेसा पुण्या-मुंबईला. मधी सुट्टी मिळाली की हणमा कोल्हापूरला. तो आला की पेठेतला प्रत्येक शहाणा त्याच्या मागं. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्यापासून शाळेच्या मास्तरापर्यंत सगळ्यांचं एकच, "हणमा, आतली टीप सांग लेका. ऐतवारी कुठलं घोडं?"

"मला घोडं सांगत न्हाय. तुमास्नी कुठनं सांगू?"

हे खरं बोलणं, म्हणून कुणाला पटायचं नाही. पेठ म्हणायची, पोरगं आतल्या गाठीचं हाय. मग मनाला येईल त्या घोड्यावर पैसे घालवायचे आणि शिव्या हणमाला द्यायच्या.

आणि मोठ्या माणसाचं लांबण लागलं की हणमाचं एक ठरलेलं होतं. "वजनात बोला." एका नगरसेवकाला तो हे भर सत्कारात म्हणाला होता. सत्कार हणमाचाच होता, पण तासभर नगरसेवकच बोलत होता. त्या माणसाचं वजन वाढेल तसे हार वाढत होते. हणमाचं किलोभर वाढलं तर घरी बसायची पाळी.

थंडीत तो शेताकडल्या गुऱ्हाळावर जायचा. लोक गुऱ्हाळावर रस प्यायला जातात, काकवी खायला जातात. हा दोन स्वेटर, वर रेनकोट, डोक्याला माकडटोपी घालून चुलवाणाच्या तोंडाशी बसायचा. समोर काहिलीत गूळ रटरटतोय, वास सुटलाय, पोरंटोरं बोटं चाटतायत आणि हा घाम गाळतोय. गुळव्या म्हणायचा, "पावणं, एक तर रस घ्या, न्हाईतर कायलीत उतरा."

आता माझ्या मंडळीचं सांगतो. सगुणा. तिला जगात एकच गोष्ट कळत होती, आलेल्या माणसाला जेवायला घालायची. पोस्टमन जेवला होता, मीटर बघायला आलेला जेवला होता, वीज तोडायला आलेला जेवला आणि वीज न तोडता गेला. सगळ्या पेठेत तिच्या हातचं न खाल्लेलं एकच माणूस, हणमा. तो सैपाकघराच्या दारात यायचा आणि म्हणायचा, "काकी, झाकण काढा."

ती रश्श्याचं झाकण काढायची. तो डोळे मिटून लांब वास घ्यायचा. "खोबरं जरा जास्त भाजलंय."

"खाऊन सांग की मेल्या!"

"वासाला वजन नसतंय काकी."

एकदा त्यानं तिला समजावून सांगायला घेतलं. प्रत्येक घोड्यानं किती ओझं न्यायचं ते रेसवाले ठरवतात. खोगीरासकट जॉकी त्यात बसला पाहिजे. जास्त भरला तर उतरवतात. कमी भरला तर खोगिराला शिशाच्या पट्ट्या लावून तूट भरून काढतात.

सगुणा बघतच राहिली. "म्हंजे शिसं घातलेलं चालतंय आणि माझी भाकरी घातलेली चालत न्हाय? कसली मानसं हाईत ती!"

"घोडं सोडलं की पयलं ताट तुमच्या हातचं, काकी. नंतर."

"नंतर म्हंजे कवा? मी मेल्यावर?"

"वजनात बोला काकी."

हे असं कैक वर्षं चाललं. हणमाला आयुष्यभर मिळाली ती उरलीसुरली घोडी. लंगडी, बुजरी, चावरी. नवं शतक लागलं त्या सुमाराला मात्र एका ट्रेनरनं त्याला एक खरी घोडी दिली. मुंबईची मोठी रेस. घोडीवर ओझं कमी ठेवलं होतं, म्हणून तिला हलका जॉकी हवा होता. तिचं नाव इंग्रजी, माझ्या जिभेवर बसत नाही. हणमा तिला 'बाई' म्हणायचा. "अण्णा, चाळिशी आली. एवढी एकच हाय. ह्यात दिसलो तर दिसलो." मग गुऱ्हाळ, स्वेटर, अर्धी चपाती. पाणी चमच्यानं.

आणि त्याच थंडीत सगुणा गेली. चार दिवस ताप आला आणि गेली. जास्त लिहीत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायला घेतलं तर पुरं होणार नाही.

दहाव्याला आम्ही पंचगंगेच्या घाटावर. पिंड ठेवला. कावळा शिवला म्हणजे गेलेल्या माणसाचं काही राहिलं नाही, नाही शिवला तर काहीतरी राहिलं. कावळे भिंतीवर रांगेनं बसलेले, एक खाली उतरेना.

माझा पोरगा पुण्याला कंपनीत आहे. तो पुढं झाला. "आई, बाबांना मी पुण्याला नेतो, नीट सांभाळतो." कावळ्यांनी माना वळवल्या. सून मागं उभी होती, तिनं सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला. मग मेव्हणा म्हणाला, "आक्का, शेतातला तुझा वाटा तुझ्या लेकराला देतो." हे ऐकून दोन कावळे उडूनच गेले. मी म्हणालो, तंबाखू सोडतो. माझ्याकडं तर एकानं बघितलंसुद्धा नाही. ऊन चढलं. भटजींना दुसरीकडं जायचं होतं, पावण्यांना भूक लागली होती. कुणीतरी दर्भाचा कावळा करून उरकायचं म्हणालं.

तेवढ्यात हणमा आला. वजन उतरवायला घाटावरनं पळत होता, तसाच आला, दोन स्वेटर आणि माकडटोपी. टोपी काढली, हात जोडले आणि एवढंच म्हणाला, "काकी, जेवतो."

कावळा असा उतरला की भटजींना हात मागं घ्यायला वेळ मिळाला नाही.

सगळे हसले, मोकळे झाले. घरी आल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. "हणमा, ऐतवारी रेस हाय. सोमवारी जेव की. तिला काय कळतंय आता?"

"कैक वर्सं नंतर-नंतरच म्हणालो की अण्णा. आता अजून कितीदा म्हणू?"

पानावर बसला. भात आला, आमटी आली. हा म्हणतो, "हे तुमच्या भाचीनं केलंय. काकीच्या हातचं काय हाय?" मी फळीवरनं बरणी काढली. उन्हाळ्यात तिनं केलेली कांदा-लसणाची चटणी, अर्धी उरली होती. भाची म्हणाली, "मामा, दहाव्याला कांदा-लसूण चालत न्हाय." मी म्हणालो, बाईच्या दहाव्याला बाईचीच चटणी चालत नसंल, तर बाकीचं सगळं उचला.

हणमानं भाकरी मोडली. एक खाल्ली, दुसरी खाल्ली. चटणी सगुणाची, म्हणजे जाळ. तांब्या तोंडाला लावला तो रिकामा केला. दुसरा मागितला. डोळ्यांतनं नाकातनं धारा. डोळ्यांतनं गेलेलं पाणी काट्यावर वजा झालं असतं, तर बरं झालं असतं.

दुपारी वखारीत आला, ताईत काढून माझ्या हातात दिला, मारुतीकडं बघत उभा राहिला. मी दांडीवरचं वजन सरकवलं. पुन्हा सरकवलं. माझा काटा आजवर कुणासाठी खोटं बोलला नव्हता.

"भरलास रं हणमा."

"कळलंय. कोरडं रान हाय अण्णा, एकदा पाणी पिलं की सोडत न्हाय."

तरी मुंबईला गेला. स्वेटर घालून गेला. काट्यावर उभा राहिला आणि ट्रेनरनं दुसरा चढवला. ऐतवारी बाई जिंकली. एसटीडी बूथवर फोन आला आणि पेठ नाचली. पहिल्यांदाच सगळ्यांचे पैसे लागले होते. हलगी लावली, गुलाल उधळला, "हणमाचं घोडं आलं!" म्हणून तालमीपर्यंत मिरवणूक काढली. हणमा त्या घोडीवर नव्हता हे दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि घोडीला.

त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही. आता तो वरातीचं घोडं चालवतो. म्हणजे लगाम धरून पुढं चालतो. वर नव्वद किलोचा नवरदेव बसलेला असतो. हणमा घोडीच्या कानात सांगतो, "सोस बाई, ह्याचा काटा कुणी बघत न्हाय." स्वतःचं लगीन झालं नाही. सासरच्या पहिल्या पंगतीत ताट परत करणाऱ्याला पोरगी कोण देणार?

गॅस आला, बंब गेले, वखार बसली. पोरगा पुण्यालाच आहे, मी इथंच आहे. तंबाखूबी आहे. भंगारवाला काटा मागतो, मी देत नाही. सैपाक मीच करतो. एका माणसाचा भात अजून जमत नाही, दोघांचाच होतो.

हणमा रोज येतो. पायताण काढतो, ताईत माझ्या हातात देतो, फूऽऽ करून मारुतीकडं बघत उभा राहतो. मी दांडी सरकवतो. काटा काय म्हणतो ते बघतो आणि दुसरंच बोलतो.

"कमी भरलास, हणमा."

ज्या गड्याला रातीचे दोन घोट कळायचे, त्याला हे कळत नसेल? तो मान वळवत नाही.

"किती?"

"दोन किलो."

"मग शिसं घालाय पायजे, अण्णा."

म्हणतो, आणि माझ्या आधी सैपाकघरात जाऊन दोन ताटं मांडतो. मधी सगुणाची ती बरणी ठेवतो. चटणी कधीच संपली, बरणी मी धुतलेली नाही. तो झाकण काढतो, डोळे मिटून लांब वास घेतो आणि बरणी माझ्याकडं सरकवतो.