दुकान चालू आहे, दार उघडू नये

नगरपालिकेने मुख्य रस्त्याचं पुनरुज्जीवन करायचं ठरवलं, तेव्हा तो रस्ता मेला आहे ही बातमी त्या रस्त्यावरच्या लोकांना पहिल्यांदाच समजली.

खिळेवाले त्या वेळी एका बाईंना कोयंड्याचे स्क्रू काढून देत होते. त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान. खिळे, बिजागऱ्या, कड्या, नळाचे वायसर, दोरखंड, उंदराचे पिंजरे. आजोबांनी घातलेलं, वडिलांनी वाढवलेलं आणि यांनी नेटाने धरून ठेवलेलं. स्वतःचं खरं नाव त्यांना सही करतानाच काय ते आठवायचं. एरवी सगळा गाव त्यांना खिळेवालेच म्हणायचा.

समोरचा शिंपी गळ्यात टेप तसाच लोंबकळत ठेवून रस्ता ओलांडून आला.

"ऐकलंत का? आपल्याला जिवंत करणार आहेत."

"कधी?"

"पुढच्या महिन्यापासून."

"बरं. तोवर या बाईंचं करून देतो," खिळेवाले म्हणाले आणि पुडी बांधायला लागले.

यथावकाश समिती नेमली गेली. तिच्यावर एक वारसा अधिकारी आले. माणूस तरुण, नम्र, आणि कुणाचंही बोलणं मध्येच न तोडणारा. पुढे लोकांच्या लक्षात आलं की ऐकून घेणं हे साहेबांचं काम होतं आणि ऐकून घेतल्यावर ते काम संपत असे.

पहिल्याच बैठकीत पेच पडला. रस्ता पूर्वीसारखा करायचा, हे सर्वांना मान्य होतं. पण पूर्वी म्हणजे नेमकं कधी? ज्या काळी आपल्या आजोबांचं दुकान रस्त्यात सर्वांत मोठं होतं तो काळ खरा, असं प्रत्येकाचं प्रामाणिक मत पडलं. दोन आजोबांवरून तर दोन नातू हातघाईवर आले. शेवटी साहेबांनी शास्त्रशुद्ध तोडगा काढला. जो काळ पुराव्याने सिद्ध होईल, तोच काळ धरायचा. पुरावा शोधता शोधता नगरपालिकेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या कपाटामागे, रस्त्याचा एकुलता एक जुना फोटो सापडला. तो भिंतीएवढा मोठा करून सभागृहात लावण्यात आला.

फोटो सुरेख होता. दुतर्फा उतरती छपरं, लाकडी दारं, दिव्याचे खांब, आणि मधून लख्ख झाडलेला रिकामा रस्ता. शिंप्याने डोळ्यांवरचा चष्मा पुसून तो नीट निरखला.

"साहेब, हा सुट्टीचा दिवस आहे. आपली आठवड्याची सुट्टी. म्हणून तर फोटोवाल्याला रस्ता असा मोकळा मिळाला."

"असेलही. पण तसं फोटोत कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? सगळी दुकानं बंद दिसताहेत की!"

"मीही तेच म्हणतोय," साहेब अदबीने म्हणाले. "सगळी दुकानं बंद दिसताहेत."

आणि त्यांनी तशी नोंद करून घेतली.

काम सुरू झालं. खिळेवाल्यांच्या दुकानाचं दार हिरवं होतं. रंगतज्ज्ञांनी ते खरवडून पाहिलं, तर हिरव्याखाली हिरवा आणि त्याखाली आणखी हिरवा निघाला. "हे सगळे थर नंतरचे असणार," तज्ज्ञ म्हणाले, कारण फोटोत हिरवा रंग कुठेच नव्हता. फोटो काळापांढरा होता. तेव्हा पुराव्याशी इमान राखून अख्खा रस्ता राखाडी रंगवण्यात आला. त्यातही बारकावे होते. शिंप्याला पारवा मिळाला, औषधवाल्याला धुरकट, आणि खिळेवाल्यांच्या वाट्याला ढगाळ राखाडी आला.

खिळेवाल्यांची बायको पायरीवर उभी राहून दोन्ही बाजूंना बघत राहिली.

"कसा वाटतो?" खिळेवाल्यांनी विचारलं.

"तापकरी माणसाच्या जिभेसारखा."

दार मात्र रंगवून भागलं नाही. ते आजोबांच्या हातचं, अस्सल होतं, हीच त्याची अडचण झाली. फोटो काढला तेव्हा ते तरुण होतं आणि मधल्या काळात कुणाचीही परवानगी न घेता म्हातारं झालं होतं. म्हणून ते काढून भंगारात दिलं आणि हुबेहूब नवं बसवलं. नवं दार फारच नवं दिसायला लागलं. मग दोन कामगारांनी त्याला साखळीने झोडपून झोडपून हवं तेवढं जुनं केलं. साखळी बाहेरगावाहून मागवावी लागली, कारण मुख्य रस्त्यावरची लोखंडी सामानाची दुकानं कामामुळे बंद होती.

उद्घाटनाला पाहुणे आले. "आज हा रस्ता पुन्हा श्वास घेऊ लागला आहे," असं ते म्हणाले आणि ओल्या रंगाच्या वासाने त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिळेवाल्यांनी दार उघडलं. लगेच शिट्टी वाजली. समितीचा रखवालदार पळत आला.

"काका, दार लावा."

"अरे, दुकान उघडतोय."

"तेच म्हणतो. फोटोत लावलेलं आहे."

खिळेवाले तसेच साहेबांकडे गेले. त्यांची लेक नुकतीच मोठ्या शहरातली चांगली नोकरी सोडून दुकान सांभाळायला घरी आली होती. आपल्यामागे दुकान कोण बघणार, हा घोर त्यांना वर्षानुवर्षं होता. आता बघणारी आली होती आणि दुकानच बघायला मिळत नव्हतं. त्यांनी हे सगळं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, दुकान चालवायला आमची काहीच हरकत नाही. उलट दुकान चाललंच पाहिजे. रस्ता जिवंत करणं हा तर योजनेचा मूळ उद्देश आहे. फक्त दार उघडता येणार नाही."

"मग गिऱ्हाईक आत येणार कुठून?"

"येण्याजाण्याचा विषय वाहतूक विभागाकडे आहे."

"अहो, पण बाहेरून बघणाऱ्याला कळणार कसं, की दुकान चालू आहे?"

हा मुद्दा साहेबांना पटला. खिळेवाल्यांना समितीतर्फे एक सुबक पाटी करून मिळाली: 'दुकान चालू आहे. दार उघडू नये.' पाटी दाराच्या आतल्या बाजूला लावायची होती, कारण फोटोत दारावर पाटी नव्हती.

मग दुकान मागच्या बोळातून चालू झालं. बोळातून अंगण, अंगणातून स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरातून दुकान. जुनी गिऱ्हाइकं ओट्याला वळसा घालून यायची.

"वहिनी, दूध उतू चाललंय बरं का. आणि मला एक अर्ध्या इंचाचा वायसर हवा होता."

"दूध मी बघते, वायसर ते बघतील. आणि चपला बाहेर!"

ती पदर खोचून नवऱ्यापुढे उभी राहायची. "अहो, लोकांच्या बायका दुकानात जाऊन बसतात. माझ्या स्वयंपाकघरात दुकान येऊन बसलंय. काल तो प्लंबर जाता जाता भाजी चाखून गेला. वर म्हणतो, मीठ कमी आहे!"

"होतंच कमी," खिळेवाले पुटपुटले.

"मग त्याच्याकडेच जेवा!"

पण वाट माहीत असलेली गिऱ्हाइकं किती दिवस पुरणार? नवी यायची सोय नव्हती आणि जुन्यांना ओट्याशी संकोच वाटायचा. एक एक करून ती गळाली. लेक काउंटरवर बसून बिजागऱ्या पुसायची, आणि पुसून झाल्या की परत पहिल्यापासून पुसायची.

इकडे पुढच्या बाजूने मात्र रस्ता गजबजला. बंद दारं बघायला लांबलांबून लोक यायला लागले. त्यांना माहिती सांगायला माणसं हवी होती. समितीने स्थानिकांना प्राधान्य दिलं आणि खिळेवाल्यांच्या लेकीची निवड झाली. तिलाही घरात बसून लोखंड चकाकवण्यापेक्षा ते बरं वाटलं. गळ्यात बिल्ला अडकवून ती पाहुण्यांना दारोदार फिरवू लागली.

एका दुपारी दारामागे बसलेल्या खिळेवाल्यांना तिचा आवाज आला. "आणि इथे लोखंडी सामानाचं एक सुप्रसिद्ध दुकान होतं."

संध्याकाळी ती घरी आल्या आल्या त्यांनी तिला गाठलं. "होतं? अगं, होतं काय? मी आत बसलो होतो!"

"बाबा, पहिल्या दिवशी मी 'आहे' म्हटलं, तर लोक दार ठोठावायला लागले. रखवालदार माझ्यावर ओरडला. 'होतं' म्हटलं की हळहळतात आणि पुढे सरकतात."

"हळहळतात?"

"खूप. एक बाई तर डोळे पुसत होत्या."

खिळेवाल्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ते दाराला कान लावून बसायला लागले आणि त्यांना आशेचा किरण दिसला. म्हणजे ऐकू आला. बाहेरचा जवळजवळ प्रत्येक घोळका एकच वाक्य बोलून जात होता: "दुकानं उघडी असती तर काय मजा आली असती!"

ते पुन्हा साहेबांकडे गेले.

"साहेब, तुमचं माझं राहू द्या. पण लोकांनाच दुकान उघडं हवंय. मी स्वतः ऐकलंय."

लोकभावना हा शब्द साहेबांच्या नियमावलीत होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि या वेळी चक्क उत्तरही दिलं. एक दिवस प्रायोगिक तत्त्वावर दार उघडायचं. लोकांना खरोखर दुकान हवं असल्याचं दिसून आलं, तर दार कायमचं उघडं.

"मी बिल्ला परत करीन, बाबा," लेक म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी गल्ल्यावर बसेन. माणसं एकदा आत आली की काही ना काही घेतातच."

"घेतातच," खिळेवाले म्हणाले. "मोकळ्या हाताने आमच्या दुकानातून कुणी गेलेलं नाही. आजोबांच्या वेळेपासून नाही."

त्या दिवसाची तयारी एखाद्या कार्यासारखी झाली. बायकोने दुकान पाण्याने पुसून काढलं. लेकीने पितळी कड्या चिंचेने घासल्या आणि दोरखंडाची वेटोळी उंचीप्रमाणे मांडली. खिळेवाले कडक इस्त्रीचा सदरा घालून गल्ल्यामागे बसले. साहेबांनी दोन्ही फळ्या स्वतःच्या हाताने उघडल्या.

लोक लोटले. उंबऱ्यातच थांबून त्यांनी डोळे मिटले. "आहाहा! तेलाचा आणि लोखंडाचा वास!" एकाने खिळ्यांच्या खणात मनगटापर्यंत हात घातला आणि "किती गार!" म्हणून शेजाऱ्यालाही घालायला लावला. दोन मैत्रिणी दोरखंडाला टेकून उभ्या राहिल्या. एका बाईंनी कुलूप हातात घेऊन विचारलं, "हे विकत मिळतं?"

"हो. दुकान आहे," खिळेवाले म्हणाले.

"अय्या! खरंच?" असं म्हणून त्यांनी ते कुलूप अतिशय जपून जागेवर ठेवलं.

एका गृहस्थांच्या घरची कडी सैल झाली होती. खिळेवाल्यांनी त्यांना ती कशी काढायची, कुठे पाचर मारायची, कोणता स्क्रू घ्यायचा, हे सगळं लाकडाच्या तुकड्यावर करून दाखवलं. गृहस्थ भारावले. त्यांनी फोनमध्ये बघितलं. "अगदी हाच स्क्रू दिसतोय! परवा घरपोच येईल. फार छान समजावलंत हो तुम्ही." त्यांनी दोन्ही हातांनी खिळेवाल्यांचा हात दाबला आणि ते निघून गेले.

बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला साहेब विचारत होते.

"हे दुकान टिकावं असं वाटतं?"

"म्हणजे काय! टिकलंच पाहिजे. काहीही करून टिकलं पाहिजे."

"आपण काही घेतलंत?"

"नाही बुवा. एवढ्या लांब लोखंडाचं ओझं कुठे वागवायचं?"

दिवे लागायच्या सुमारास दुकान रिकामं झालं. गल्ला सकाळी झाडला होता तसाच स्वच्छ होता. लेक तो उघडून बघत होती, मिटत होती, परत उघडत होती. बायकोने न सांगता चहा टाकला. साहेब आत येऊन स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. मनाने माणूस वाईट नव्हता.

"काका, दार उघडं असताना लोकांना मनापासून आनंद झाला, हे मी लिहिणार आहे."

"मग?"

"दार बंद असतानाही त्यांना तेवढाच आनंद होतो. खरेदीही दोन्ही वेळा सारखीच. मग तुम्हीच सांगा, उगाच बिजागऱ्या कशाला झिजवायच्या?"

खिळेवाल्यांनी जन्मभर बिजागऱ्या विकल्या होत्या. ते उठले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. आधी डावी फळी, मग उजवी. लेकीने खुंटीवरचा बिल्ला काढून पिशवीत ठेवला. सकाळी पहिली तुकडी लवकर येणार होती.

आता तुम्ही म्हणाल, कसली ही समिती! कसले हे अधिकारी! अशा लोकांमुळेच जुन्या बाजारपेठा बुडाल्या. म्हणा, अवश्य म्हणा. पण दार एकच दिवस उघडलं होतं, आणि त्या दिवशी तुम्हीही आला होतात. पितळी कडी तुम्ही तळहातावर तोलून बघितलीत, "पूर्वीच्या वस्तूंना वजन असायचं," असं बरोबरच्यांना सांगितलंत आणि कडी होती तिथे ठेवून दिलीत. मग गल्ल्यामागे कडक इस्त्रीचा सदरा घालून बसलेल्या म्हाताऱ्याकडे वळून मोठ्या आपुलकीने विचारलंत, "आजोबा, इथे पूर्वी कोण बसायचं हो?"

"मीच," खिळेवाले म्हणाले.

तुम्हाला फार बरं वाटलं.