कोडोलीवरचं लाल वादळ

वादळाच्या मागे जायचं तर वाट दाखवणारं यंत्र पाहिजे, असं गुरुप्रसाद सरांनी एका रविवारी सकाळी पोहे खाता खाता ठरवलं. पुढं जे काही झालं त्यात पोह्यांचा काही दोष नाही.

सर कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात बावीस वर्षं भूगोल शिकवतात. वारे कसे वाहतात, ढग किती प्रकारचे, मुलांना झोपेतून उठवून विचारा, सांगतील (आणि परत झोपतील). स्वतः सर मात्र गंगावेशीतून निघून जवळच्याच रंकाळा तलावावर जायचं म्हटलं की तीन जणांना विचारतात. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना एक नवा छंद लागला होता. वळवाचं वादळ गाठायचं, गाडी शेजारी उभी करायची, विजेचा फोटो काढायचा. परदेशात लोक हे करतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. गेल्या दोन उन्हाळ्यांत त्यांनी सात वादळांचा पाठलाग केला आणि सातही वेळा त्यांच्या कॅमेऱ्यात निरभ्र आकाश आलं.

"बाबा, फोनमध्ये असतो की नकाशा!" त्यांची मुलगी अंतरा म्हणाली.

"शाहूवाडीकडं डोंगरात शिरलं की रेंज जाते. वादळ काय रेंज बघून येतं का?"

यावर अंतरा फोन घेऊन आत गेली. सरांचं घरातलं हे वर्षातलं पहिलंच जिंकलेलं भांडण, त्यामुळं ते त्याच उत्साहात दुकानात गेले.

दुकानदार विजयसिंह जाम बोलका. त्यानं काउंटरवर चार यंत्रं मांडली. "सर, ह्ये गाडीला. ह्ये डोंगर चढायला. ह्ये बोटीला."

"पंचगंगेत बोट घेऊन कोण हिंडतंय?"

"ठेवावं लागतं, सर. तुम्हाला नक्की कशाला पायजे?"

"वादळाच्या मागं जायला."

विजयसिंहनं बोटीचं यंत्र परत खोक्यात ठेवलं. "सर, वादळ आलं की मानसं उलट्या दिशेला पळत्यात."

"म्हणूनच मागची बाजू मोकळी असते," सर म्हणाले. मग विजयसिंहनं चौथं यंत्र पुढं सरकवलं. ह्यात रस्ताही दिसतो आणि हवामानही. पाऊस हलका तर हिरवा, बरा तर पिवळा, धुवांधार तर लाल. "आणि सर, गाडी वळली की नकाशाबी वळतोय. तुम्ही कायम खाली, फुडचं समदं वर." सरांनी मान डोलावली. काही कळलं नाही की ते अशीच मान डोलावतात, शाळेत मीटिंगलासुद्धा.

आता घरची परिस्थिती सांगायला हवी. सरांच्या बायकोची, भैरवीची, धाकटी बहीण क्रांती. तिचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. रुखवतात ठेवायच्या कुरडया ह्या घरानं करायच्या, असं ठरलं होतं. पांढऱ्या, गुलाबी, हिरव्या, शिवाय एक सुपाएवढी मोठी, नवरा-नवरीची नावं घालायला. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून भैरवी आणि सरांची आई, माई, यांनी सोऱ्या फिरवला होता. माईंचा खांदा अजून दुखत होता. आणि गेल्याच वर्षी सरांना गच्चीवर राखणीला बसवलं असताना ते ढगांचा फोटो काढायला पाण्याच्या टाकीवर चढले होते, पायाखाली टाकीचा पाइप तुटला होता आणि खाली अख्ख्या कुरडयांची खीर झाली होती.

"ह्या वर्षी भिजल्या," भैरवीनं सोमवारी सकाळी स्वच्छ सांगितलं, "तर ते यंत्र परत, वादळं बंद, आणि नव्यानं सोऱ्या तुम्ही फिरवायचा. क्रांतीच्या सासरच्यांना तोंडही तुम्हीच दाखवायचं."

"भिजणारच नाहीत! आता आपल्याकडं यंत्र आहे. पाऊस कुठं आहे ते मला इथं बसून दिसणार," सर म्हणाले आणि आंघोळीला गेले.

ते आंघोळ करत होते तेवढ्यात माईंनी यंत्र देवापुढं नेलं. घरात मिक्सर आला तेव्हा त्याची पूजा झाली होती, गीझर आला तेव्हा शिडी लावून झाली होती. मग हे तर गाडीत बसून घाटात जाणार. माईंनी यथासांग पूजा केली, फूल वाहिलं, नमस्कार केला आणि फूल काढून यंत्र होतं तिथं ठेवून दिलं. त्या दिवशी कुरडयांना दुसरं ऊन द्यायचं होतं. सकाळी नऊलाच गच्चीभर धोतरं पसरून त्या मांडल्या गेल्या.

अकराच्या सुमाराला सर गाडीत बसले. शेजारी त्यांचे वडील, अप्पा. अप्पांना वादळाशी देणं-घेणं नव्हतं, पण गाडी निघाली की बसायचं, हा त्यांचा नियम. सरांनी यंत्र काचेला चिकटवलं, हवामानाचं बटण दाबलं आणि टाळीच वाजवली. पडद्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यात पिवळ्या कड्याच्या आत लालभडक ठिपका! (जवळचा चष्मा घरीच होता. आपल्याला तो लागतो हे सरांना अजून मान्य नाही.)

"अप्पा, कोडोलीच्या अंगाला आहे! केवढं लाल! धुवांधार!"

"वर तर ऊन आहे रे."

"अप्पा, हे उपग्रहावरनं येतं."

उपग्रह म्हटल्यावर अप्पांनी पट्टा लावून घेतला.

शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी रोडनं वाघबीळ आणि तिथून कोडोलीकडं. ठिपका पुढंच होता, डावीकडं. सरांनी वेग वाढवला, तरी ठिपका तेवढ्याच अंतरावर. "चलाख आहे," सर दात-ओठ खाऊन म्हणाले. कोडोलीच्या अलीकडं त्यांनी गाडी डावीकडं उसातल्या कच्च्या रस्त्याला घातली. आता ठिपका नाकासमोर यायला हवा होता, तर तो पुन्हा डावीकडं. सर पुन्हा डावीकडं वळले. ठिपका पुन्हा डावीकडं.

"मार्ग पुन्हा शोधत आहे," यंत्रातली बाई म्हणाली.

"तीबी शोधालीय," अप्पा म्हणाले.

चार वेळा डावीकडं वळल्यावर झाडाखाली एक उसाच्या रसाचा गाडा लागला. उन्हानं जीव कासावीस झाला होता, म्हणून दोघांनी एकेक ग्लास रस घेतला. गाडेवाला ज्ञानू चांगला मनुष्य. त्यानं आलं जास्त घातलं. परत गाडी सुरू. डावीकडं, डावीकडं, डावीकडं. दहा मिनिटांनी झाडाखाली एक रसाचा गाडा लागला.

"ह्या भागात रसाचे गाडे फार दिसतात," सर म्हणाले. अप्पांनी दुसरा ग्लास घेतला. मग तिसऱ्या गाड्यावर तिसरा.

"गुरू, रस सगळीकडं अगदी सारखा लागतोय रे."

"एकाच मातीतला ऊस, अप्पा. काळी मृदा." भूगोल कुठं कसा उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

एवढ्यात भैरवीचा फोन आला. "अहो, हुपरीच्या बाजूनं आभाळ भरून आलंय. कुरडया आवरू का?"

"अजिबात नको! वादळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. कोडोलीत!"

"इथं गडगडतंय."

"विमान असेल."

"कोल्हापुरात? एवढी विमानं?"

"भैरवी, तू गच्चीवरनं बघतेस, मी उपग्रहावरनं बघतोय. एकही कुरडई हलवायची नाही. माझ्या शब्दावर राहा!"

"म्हणजे नक्की येणार नाही?"

"लिहून देतो!"

फोन बंद झाला. सरांची छाती अभिमानानं भरून आली आणि त्याच भरात ते पुन्हा डावीकडं वळले.

चौथ्या गाड्यापाशी मात्र रसवाला रस्त्यात हात पसरूनच उभा राहिला. "पावणं, चौथ्यांदा आलासा की! म्हाताऱ्या मानसाला किती रस पाजताय? कुनाचं घर शोधालाय?"

सरांनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. हा तर ज्ञानूच. म्हणजे पहिला ज्ञानू. म्हणजे एकच ज्ञानू. सरांच्या डोक्यात काळी मृदा गरागरा फिरायला लागली.

"घर नाही हो, वादळ," ते कसंबसं म्हणाले आणि पडद्याकडं बोट दाखवलं. "हे बघा. पुढंच आहे, पण सापडेना."

ज्ञानूनं खिडकीतून डोकं आत घातलं. पडदा बघितला. सरांकडं बघितलं. परत पडदा बघितला. मग खांद्यावरच्या टॉवेलचं टोक थुंकीनं ओलं करून त्यानं कोपरा खसकन पुसला. वादळ गेलं.

"कुक्कू हाय की ह्ये! हळद-कुक्कू! पूजा केल्ती व्हय मिशनीची?"

अप्पांना आता एकदम आठवलं. "हां, माईनं केली होती सकाळी. मीच घंटा वाजवली की!"

"अप्पा! मग सांगितलं का नाही?"

"तू उपग्रह म्हणालास. म्हटलं, तिकडंपण लावत असतील."

पुसलेल्या काचेवर आता बारीक अक्षरांत एक ओळ दिसत होती. सरांना ती वाचता येईना, म्हणून ज्ञानूनंच ती बोट फिरवत मोठ्यांदा वाचली: "हवामान सेवा अजून सुरू केलेली नाही. सुरू करायची आहे का?" आणि ज्ञानूनं विचारलं, "करायची का?"

पण सरांचं लक्ष कुठं होतं? त्यांनी मागं वळून पाहिलं होतं. दक्षिणेला, बरोबर कोल्हापुरावर, आभाळ काळंकुट्ट झालं होतं आणि त्यात लखलख विजा नाचत होत्या. दोन वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते वादळ त्यांच्या गच्चीवर उभं होतं, गुलाबी, हिरव्या आणि सुपाएवढ्या कुरडईच्या डोक्यावर.

"लिहून देतो म्हणालास तू," अप्पा म्हणाले.

परतीच्या वाटेवर सरांनी, सोऱ्या कोणत्या हातानं फिरवतात, एवढं एकदाच विचारलं. शिवाजी पुलावर आले तेव्हा पाऊस संपलेला. रस्त्याकडेला गारा वितळत होत्या, उन्हात पंचगंगा चमकत होती आणि आकाश त्यांच्या नेहमीच्या फोटोतल्यासारखं निरभ्र झालं होतं.

सर जिना चढून थेट गच्चीवर गेले. गच्ची धुऊन निघाली होती. कुरडया नव्हत्या. वाहूनच गेल्या! ते मटकन तिथंच ओल्या फरशीवर बसले. क्रांतीचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढं आला आणि त्यांना खरोखर रडू फुटलं. "माई, मला माफ कर गं," ते म्हणाले. समोर माई नव्हत्या, पाण्याची टाकी होती.

"बाबा, खाली या. आणि पाय जपून ठेवा," जिन्यातून अंतरा म्हणाली.

खाली पलंगावर कुरडया, टेबलावर कुरडया, सरांच्या खुर्चीवर कुरडया. वर पंखा गरगरत होता. एकसुद्धा भिजली नव्हती. सुपाएवढी देवापुढच्या पाटावर ऐसपैस बसली होती.

"पण मी तर आवरू नको म्हणालो होतो!"

"म्हणून तर आवरल्या," भैरवी म्हणाली. "मी जरा घुटमळत होते. फोनवर तुम्ही 'लिहून देतो' म्हणालात, आणि माई म्हणाल्या, उचला गं, आता येणारच!"

"यंत्र चांगलं आहे हो," माई मनापासून म्हणाल्या. "पूजेचा गुण."

अंतरानं फोन पुढं केला. जिन्याच्या दारातून तिनं काढलेला फोटो. टाकीच्या बरोबर मागं लखलखती वीज, खाली उड्या मारणाऱ्या गारा. असा फोटो सरांनी जन्मात पाहिला नव्हता. "बाबा, तुम्ही असता तर ना..." ती म्हणाली, आणि 'हे वादळ आलंच नसतं' एवढं पुढचं गिळलं. पोरगी समंजस आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर गच्चीवर उभे होते. समोरच्या गच्चीवरून झुंबरबाईंनी हाक मारली. त्यांच्याकडं वर्षाची मिरची वाळवायची होती.

"सर, आज कुठं निघालाय काय?"

"छे हो. कुठं नाही. घरीच आहे."

"नक्की?"

"नक्की."

झुंबरबाईंनी मागं वळून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज दिला. "घरीच हायती गं! पसरा समद्या!"

बघता बघता पाच गच्च्यांवर मिरच्या, पापड, सांडगे बाहेर आले. भैरवीनं कुरडया आणल्या. गाडीची किल्ली माईंनी कालच तांदळाच्या डब्यात टाकली होती. सरांना खुर्ची दिली, डोक्यावर छत्री दिली, कावळे हाकायला काठी दिली. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

दुपारी क्रांतीचा फोन आला. लग्न उघड्या लॉनवर होतं आणि सगळी हकिगत तिच्या सासरपर्यंत पोचली होती.

"ताई, सासूबाईंचा निरोप आहे. कुरडया आल्या नाहीत तरी चालेल, पण दाजींना तेवढं अक्षता पडेपर्यंत मांडवातनं हलू देऊ नका."